तात्यांचे पंधरा दिवस

रजा साठवायची तात्यांना भारी हौस. लोक काय काय साठवतात, तिकिटं, जुनी नाणी, दुसऱ्यांनी केलेले अपमान. तात्या रजा साठवत. ताप अंगात घेऊन कामावर येत, दाढ सुजली तर गालाला रुमाल बांधून येत, आणि सख्ख्या चुलतभावाच्या लग्नाला जेवणाच्या सुट्टीत जाऊन हात धुऊन परत आले होते, असं बाटल्यांच्या कारखान्यात सगळे सांगत. यातलं शेवटचं खरं नव्हतं, पण तात्यांनी ते कधी खोडूनही काढलं नाही. नियमाप्रमाणे बावीस दिवसांच्या वर रजा साठत नाही, वरची वाया जाते. तात्यांच्या खात्यावर कायम बावीस.

या वर्षी मात्र त्या बावीस दिवसांना मालकीण मिळाली होती. तात्यांना एकच लेक, आणि ती राहायची बसने नऊ तास लांब. जावई जहाजावर इंजिनात काम करणारा. एकदा गेला की सहा महिने त्याचं तोंड दिसायचं नाही. लेकीची आई सहा वर्षांपूर्वी वारली. गेल्या वर्षी लेकीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा दवाखान्यात ती एकटी होती. तात्या पोचले ते कागदांवर सह्या करायला, आणि दुसऱ्या दिवशी परत फिरले. खात्यावर बावीस दिवस शिल्लक होते. ते घ्यायचे असतात हे त्यांना परतीच्या बसमध्ये बसल्यावर सुचलं. नऊ तास त्यांनी स्वतःला शिव्या घातल्या, पण शिव्यांनी बस काही मागे वळत नाही.

आता लेकीला पुन्हा दिवस राहिले होते. तारीख होती तीन महिन्यांनंतरची बारा. तात्यांनी फोनवर शब्द दिला होता, "तीन आठवडे येतो. आधी एक, नंतर दोन. तू हलायचं नाहीस."

"नक्की ना बाबा?" लेकीने विचारलं होतं. ती असं विचारणारी मुलगी नव्हती. गेल्या वर्षापासून विचारायला लागली होती.

"नक्की म्हणजे नक्की. माझी रजा आहे, कुणाच्या बापाची नाही."

आणि मग बोका आजारी पडला.

बोका म्हणजे तात्यांचा जोडीदार. कारखान्यात तपासणीचं काम जोडीने चालतं. भट्टीतून आलेल्या, निवलेल्या बाटल्या पट्ट्यावरून एका उजळ काचेसमोरून जातात आणि एकाने त्या बघायच्या: कुठे बुडबुडा, कुठे खडा, कुठे केस. केस म्हणजे केसाएवढी चीर. ती दिसायला नजर लागते आणि ती सुटली तर बाटली पुढे कुणाच्या तरी हातात फुटते. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बघितलं की डोळ्यांना सगळंच चांगलं दिसायला लागतं. म्हणून दुसरा शेजारी बसून मोजणी करतो, घड्याळाकडे लक्ष ठेवतो, आणि अर्धा तास झाला की टेबलावर पत्र्याचं बूच दोनदा वाजवतो. टक टक. म्हणजे ऊठ, आता मी बघतो. टकटक झाल्याशिवाय उजेडासमोरून कुणी उठत नाही, मग छत कोसळो.

तात्या आणि बोका एकोणीस वर्षं असे एकमेकांना उठवत आले होते. बोका तात्यांपेक्षा दहा वर्षांनी लहान, गोल तोंडाचा, आणि दुपारी एक डोळा मिटून दुसऱ्याने मोजणी करायचा म्हणून बोका. कारखान्यात जोडी एकाच ओळीत लिहायची पद्धत होती. लॉकरच्या यादीत, पाळीच्या तक्त्यावर, चहाच्या वहीतसुद्धा एका नावाखाली लगेच दुसरं. एकाची पाळी बदलली की दुसऱ्याची आपोआप बदलायची. तात्यांची बायको जिवंत असताना म्हणायची, "माझं नाव तुमच्या नावाला लागून फक्त लग्नपत्रिकेत छापलं होतं. त्या बोक्याचं रोज छापतात."

बोक्याला झालं ते रक्तातलं होतं. आधी नुसता थकवा, मग हिरड्यांतून रक्त, मग एक दिवस उजेडासमोर बसल्या बसल्या तो म्हणाला, "तात्या, सगळ्याच बाटल्यांना केस दिसतायत रे." तात्यांनी वेळ व्हायच्या आधीच बूच वाजवलं आणि त्याला उठवलं. चार दिवसांनी मोठ्या दवाखान्यातून निदान आलं. औषध जबर होतं, आधी शरीर पार रिकामं करणारं आणि मग पुन्हा उभं करणारं. डॉक्टर म्हणाले, चाळीसेक दिवस लागतील.

उपचाराचा खर्च कारखान्याचा विमा उचलणार होता, पण त्यात एक मेख होती. नाव हजेरीपटावर असेपर्यंतच विमा. रजा संपली की नाव उतरणार, नाव उतरलं की विमा बंद, आणि विमा बंद झाला की दवाखाना बोक्याच्या बायकोला गोड शब्दांत बाहेरचा रस्ता दाखवणार. बोक्याच्या खात्यावर रजा होती दीड दिवस. तो तात्यांसारखा साठवणारा गडी नव्हता. मुलीच्या शाळेत खेळ आहेत, घे रजा. नदीला पाणी आलंय, घे रजा.

तेव्हा हजेरीबाईंनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. हजेरी आणि रजेचं सगळं खातं या बाईंकडे. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज दारापर्यंत. त्यांनी एक कलम शोधलं: आपल्या शिलकीतली रजा आजारी सहकाऱ्याला देता येते. दिलेले दिवस एकापाठोपाठ एक वापरायचे. तो बरा होऊन आला किंवा त्याचं काही बरंवाईट झालं, तर न वापरलेले दिवस ज्याचे त्याला परत. आणि देणाऱ्याला आपला दिवस सुरू होण्याआधी अर्ज करून देणगी मागेही घेता येते.

कागद फिरला. भट्टीवाल्यांनी एकेक दिवस दिला, पॅकिंगवाल्यांनी दोन दोन, सुपरवायझरने तोंड वाकडं करून तीन. कागद तात्यांच्या टेबलावर आला तेव्हा त्यावर सेहेचाळीस दिवस जमले होते आणि अख्खं खातं हातातलं काम टाकून तात्यांकडे बघत होतं. बघणारच. जोडीदार होता.

लेकीचा आवाज कानात होता, नक्की ना बाबा? आणि समोर बोक्याची रिकामी खुर्ची होती, तिच्या गादीला त्याच्या बुडाचा खड्डा अजून तसाच. मग त्यांच्या डोक्याने झरझर हिशेब केला. सेहेचाळीस आधीचे. डॉक्टर म्हणतायत चाळीस. म्हणजे सगळ्यात शेवटी नाव घातलं, तर आपल्या दिवसांना हात लागायचाच नाही. बोका बरा होऊन आला की दिवस परत, आणि लेकीची तारीख तर त्याच्याही पुढे. तात्यांनी पेन घेतलं आणि सगळ्यात खाली लिहिलं: पंधरा दिवस.

कुणीतरी टाळ्याच वाजवल्या. "याला म्हणतात जोडीदार!" सुपरवायझर म्हणाला आणि त्याने आपल्या तिनाचे चार केले. पण तो चौथा दिवस हजेरीबाईंनी धरला नाही, कागद बंद झाला होता. भट्टीवाल्याने तात्यांची पाठ थोपटली. तात्यांना वाटलं, अंगावर दुसऱ्याचा कोट घातलाय आणि सगळे म्हणतायत, काय शोभतोय.

घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक ठिपका दिला. एक दिवस गेला. पंचेचाळीस उरले.

त्या दिवसापासून तात्यांची झोप उडाली ती उडालीच. वही हजेरीबाईंच्या कपाटात कुलपात असायची, आणि बघायला मागायची कशी? ज्याने पंधरा दिवस दिले तो कशाला बघेल वही? म्हणून तात्या आपले ठिपके देत राहिले. बोक्याला भेटायला पहिल्या आठवड्यात एकदा गेले, तेव्हा तो गुंगीत होता. काचेतून बघून परत आले. नंतर बोक्याच्या बायकोचा फोन आला की म्हणत, "येतो हो वहिनी, पाळी बदलली की येतो." पाळी बदलत होती, तात्या जात नव्हते. बोक्यासमोर बसून मनातल्या मनात ठिपके मोजायचे, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

चौदाव्या दिवशी सुपरवायझर उजेडासमोर येऊन उभा राहिला. बोक्याचा ताप उतरत नव्हता, त्याला अतिदक्षतेत हलवलं होतं, आणि डॉक्टरांनी बायकोला बाहेर बोलावून सांगितलं होतं की नातेवाइकांना कळवून ठेवा. लांब्या, म्हणजे पॅकिंगमधून तात्यांना तात्पुरता दिलेला उंचच उंच जोडीदार, मोजणी सोडून डोळे पुसायला लागला. तात्या बाटल्या बघत होते. आणि बाटल्या बघता बघता त्यांच्या डोक्याने, त्यांना न विचारता, हिशेब केला: काही झालंच तर पंधराच्या पंधरा परत. लेकीकडे पूर्ण तीन आठवडे.

छातीवरचं ओझं एक श्वासभर उतरलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग आपल्याला काय वाटलं ते तात्यांना कळलं. तेवढ्यात केस असलेली एक बाटली त्यांच्या नाकासमोरून निघून गेली. चीर त्यांना दिसली होती. हात उचललाच गेला नाही. पॅकिंगमध्ये ती पकडली गेली आणि सुपरवायझर समजुतीने म्हणाला, "असू दे तात्या. जोडीदार आहे, मन कसं थाऱ्यावर राहील?" एकोणीस वर्षांतली ती पहिली सुटलेली बाटली होती. तात्या संडासात जाऊन दार लावून पाच मिनिटं नुसते उभे राहिले.

बोका वाचला. ताप उतरला, तो पुन्हा साध्या खोलीत आला. पण उपचार लांबला. रक्ताचे आकडे वर चढायचं नाव घेईनात. तिसावा ठिपका पडला, पस्तिसावा पडला. तिकडे लेकीचे पाय सुजत होते. ती बाळाच्या लाथा मोजायची आणि आकडा फोनवर सांगायची. "आज दुपारपर्यंत नऊच, बाबा." तात्या म्हणत, "झोपलं असेल. आईवर गेलंय, दुपारी झोपणारच." फोन ठेवला की दारामागे जाऊन उभे राहत. एका कॅलेंडरवर दोन तारखा एकमेकींकडे सरकत होत्या, आणि चाळिसावा ठिपका दिला तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं.

चाळीस झाले, बोका दवाखान्यातच. त्रेचाळीस झाले. उद्या, परवा, तेरवा, आणि मग तात्यांचे दिवस खायला सुरुवात होणार. पंधरा गेले की हातात सात. सात दिवसांत आधीचा आठवडा की नंतरचे दोन? आणि तारीख मागेपुढे झाली तर? गेल्या वेळची दवाखान्यातली खोली त्यांना दिसायला लागली. लेकीने तेव्हा त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पंचेचाळिसाव्या दिवशी तात्यांनी देणगी मागे घेण्याचा अर्ज लिहिला. चार वेळा लिहिला, तीन वेळा फाडला. जेवणाच्या सुट्टीत हजेरीबाईंच्या खोलीत गेले. अख्ख्या कारखान्यात काय बोभाटा होईल ते त्यांना ठाऊक होतं. होऊ दे, म्हणाले. लोक चार दिवस थुंकतील, लेक तर एकटी राहणार नाही. त्या अर्जाने दुसरीकडे कुणाचा विमा अर्ध्यात तुटणार होता, तो विचार मात्र त्यांनी दाराबाहेर उभा करून ठेवला होता.

"बाई, जरा काम होतं." तात्यांनी अर्ज टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून उचलला नाही. "माझे ते पंधरा दिवस. उद्याचा एक दिवस झाला की माझे सुरू होणार ना... तर त्याआधी..."

हजेरीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुमचे सुरू होणार? तुमचे तर केव्हाच संपले, तात्या."

"संपले कसे? मी शेवटी लिहिले होते."

"कागदावर शेवटी लिहिले असतील. वहीत उतरवताना मी बोक्याचं पान काढलं. त्याच्या नावाखाली कुणाचं नाव येतं? एकोणीस वर्षं कुणाचं येतंय?" बाईंनी कपाट उघडलं, वही काढली, पान वळवून त्यांच्यासमोर सरकवलं. "हे बघा. जोडी एका ओळीत. पहिला दिवस ते पंधरावा दिवस, तुमचे. मग भट्टी, मग पॅकिंग. अजून सोळा दिवस आहेत त्याच्या हातात, तुम्ही नका काळजी करू."

तात्या वहीकडे बघत राहिले. प्रत्येक दिवसासमोर एक नाव होतं. त्यांचं बोट आपोआप खाली सरकत गेलं आणि चौदाव्या ओळीवर थांबलं. चौदावा दिवस, तारीख, आणि पुढे बाईंच्या टपोऱ्या अक्षरात त्यांचंच नाव. ज्या दिवशी बोका मरणाच्या दारात होता आणि तात्यांना एक श्वासभर बरं वाटलं होतं, त्या दिवशी बोका तात्यांच्याच दिवसावर जगत होता.

"पाणी देऊ का?" हजेरीबाईंनी विचारलं. "आणि हा कागद कसला?"

"काही नाही," तात्या म्हणाले. "रजेचा अर्ज आहे. लेकीकडे जायचंय." त्यांनी अर्ज घडी करून खिशात घातला आणि नवा कागद मागितला. "सात आहेत ना माझे?"

"सातच आहेत. देताना वाटलं, तुम्ही विचार करून दिले असतील." बाई जरा घुटमळल्या. "दिले ना?"

तात्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते बाईंना कळलं नाही.

संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. सातच दिवस उरले, एवढं सांगितलं, आणि का ते सांगितलं. तात्यांना वाटलं, आता ही पुन्हा भिंतीकडे तोंड करणार.

"कुठले सात, बाबा?" लेकीने विचारलं.

"तू म्हणशील ते. नंतर जास्त लागेल ना कुणी? बाळ, रात्रीची जागरणं..."

"नंतरचं मी बघते. शेजारच्या मावशी आहेत. नंतर मला भीती नाही वाटणार. मला आधीचे दे. तू नुसता बस. काही करू नकोस, नुसता बस."

"सात तारखेला सकाळी येतो. तेराला रात्री निघेन. पण त्यात नाही झालं तर?"

"नाही झालं तर नाही झालं. तू ये."

तिथूनच तात्या दवाखान्यात गेले. भेटायची वेळ संपायला वीस मिनिटं होती. बोक्याच्या बायकोने दारातच त्यांच्या तोंडाला पट्टी बांधली, हातांवर औषध ओतलं, आणि म्हणाली, "भाऊजी, रोज तुमचं नाव काढतात हो हे." पलंगावर जो होता त्याला तात्यांनी डोळ्यांवरून ओळखलं. गोल तोंड कुठल्या कुठे गेलं होतं, डोक्यावर एक केस नव्हता.

"आलास," बोका म्हणाला. आवाज पार बसला होता. "मला वाटलं, उजेडासमोर विसरले की काय तुला. टकटक करणारा नाही ना कुणी."

उशाशी एक कागद चिकटवला होता. हजेरीबाईंच्या वहीवरून बायकोने यादी उतरवून आणली होती, रोज कुणाचा दिवस त्याची. "आज भट्टीतल्या मोठ्या मिशीवाल्याचा," बोका म्हणाला. "सकाळपासून नुसतं गरम होतंय." तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "पहिले पंधरा तुझे. काही आठवत नाही त्यातलं. पण बायको रोज सकाळी कानात सांगायची, आज भाऊजींचा दिवस आहे. चौदाव्या दिवशी डॉक्टर हिला बाहेर घेऊन गेले ते मला कळलं. म्हटलं, तात्याने ताप अंगावर काढून साठवलेला दिवस, तो अर्धवट टाकून कसं जायचं? शिव्या घालेल."

त्यावर तात्यांनी हसायला हवं होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाने दोन धीराचे शब्द बोलावेत आणि उठावं, एवढंच त्या वीस मिनिटांत अपेक्षित होतं. पण तात्यांच्या खिशात तो घडी घातलेला अर्ज होता, आणि एकोणीस वर्षं ज्याच्या शेजारी बसून चीर दिसली की बाटली बाजूला काढली, त्याच्यासमोर ही चीर पुढे जाऊ द्यायची हे त्यांच्याच्याने होईना.

"बोक्या, मी शेवटी नाव घातलं होतं. माझ्या दिवसांना हात लागू नये म्हणून. लेकीची तारीख बाराची आहे." शब्द अडखळत बाहेर पडत होते. "चौदाव्या दिवशी तू जातोस असं कळलं, तेव्हा मला... मला बरं वाटलं. दिवस परत मिळतील म्हणून. एक श्वासभरच, पण वाटलं. आणि आज देणगी मागे घ्यायला गेलो होतो."

खोलीत कुठलंसं यंत्र बारीक आवाज करत होतं. बोक्याच्या बायकोचा हात औषधाच्या बाटलीवर थांबला. बोका छताकडे बघत होता. मग त्याने हळूहळू, सगळा जोर लावून, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"जा आता तात्या," तो म्हणाला. "मला झोप येतेय."

तात्या उठले. दाराशी बोक्याची बायको म्हणाली, "थकतात हो हल्ली," पण तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

सात तारखेला सकाळी तात्या लेकीच्या दारात उभे होते. आणि मग ते बसले. लेकीने सांगितलं होतं तसे नुसते बसले. ती झोपली की तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवत, ती जागी असली की दोघं मिळून लाथा मोजत. लेक विचारायची, "बोकाकाका कसे आहेत?" तात्या म्हणत, "बरे आहेत." त्यांना ठाऊक नव्हतं. बोक्याच्या बायकोचा फोन आला नव्हता आणि त्यांनी स्वतः लावायला घेतला की अंगठा बटणावर पोचायचाच नाही. आठ, नऊ, दहा. दहाच्या संध्याकाळी चार तास बाळाची एकही हालचाल नव्हती. लेक पांढरीफटक पडली. तात्यांनी तिला दवाखान्यात नेलं. तिथे पोटाला यंत्र लावलं, ठोके ऐकू आले, आणि परिचारिका म्हणाली, राहू दे इथेच, सुरू होईल आता.

अकरा तारखेला दुपारी पावणेदोनला मुलगी झाली. रडली, मोठ्याने रडली. दाराबाहेर तात्याही रडले, त्यांनी ते लपवलं नाही.

नात हातात दिली तेव्हा त्यांच्याही नकळत ते खिडकीकडे गेले आणि तिला उजेडात धरून डोक्यापासून पायापर्यंत बघायला लागले. एक कान, दुसरा कान, बोटं, पुन्हा बोटं, मग हलक्या हाताने वळवून पाठ.

"बाबा," लेक पलंगावरून म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता आणि त्यात हसू होतं. "बाटली नाहीये ती."

"नाही, नाही," तात्या म्हणाले आणि तरी बघतच राहिले. कुठे काही नव्हतं. स्वच्छ होती. अर्धा तास होऊन गेला असेल, पण उठवणारं कुणी नव्हतं.

बाळाला लेकीच्या कुशीत ठेवून ते बाहेर आले. व्हरांड्याच्या टोकाला एक बाक होता, तिथे बसून त्यांनी फोन काढला. या वेळी अंगठा पोचला. घंटी वाजत राहिली, इतकी वाजत राहिली की तात्यांच्या मनात नको नको ते येऊन गेलं. मग बोक्याच्या बायकोचा आवाज आला. "हं, भाऊजी."

त्या आवाजावरून काही कळेना. विचारायचा धीर होईना.

"वहिनी, नात झाली," ते म्हणाले. "त्याच्या कानाशी धरता का जरा?"

कपड्यांची सळसळ झाली, खाट करकरली. मग नुसता एक घरघरता श्वास ऐकू आला. तात्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण एकोणीस वर्षांत ते दोघं महत्त्वाचं असं शब्दांनी कधी बोललेच नव्हते. खिशात पत्र्याचं एक बूच होतं. कामावरचं, सवयीने सोबत आलेलं. त्यांनी ते फोनजवळ धरलं आणि बाकाच्या लाकडावर दोनदा वाजवलं.

टक टक.

पलीकडे काही नाही. श्वाससुद्धा ऐकू येईनासा झाला. व्हरांड्यातून कुणीतरी ढकलगाडी नेली, तिचा खडखडाट दूर जाईपर्यंत तात्यांनी फोन कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला. त्यांनी मनात मोजलं, थांबवलं, पुन्हा मोजलं. वाटलं, ठेवावा आता. वाटलं, हे बरोबरच आहे, आपल्याला हेच मिळायला हवं.

मग पलंगाच्या लोखंडी कठड्यावर काहीतरी वाजलं. नख असेल, किंवा चमचा.

एकदा वाजलं. आणि तात्यांनी श्वास रोखला तेवढ्यात, पुन्हा एकदा.